उजेडात बघा

दुकानाच्या दाराशी दोन पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर दुकानातला उजेड संपायचा, खालच्या पायरीवर रस्त्यावरचा सुरू व्हायचा. साताऱ्यात राजपथाजवळच्या एका बोळात बाबांचं मॅचिंग सेंटर होतं आणि शाळा सुटल्यानंतरचे माझे कितीतरी तास त्या पायऱ्यांवर गेले. एखाद्या काकू पिशवीतून नवी साडी काढायच्या. बाबा ती काउंटरवर उलगडायचे, अंग, काठ, पदर तिन्ही नीट बघायचे आणि फळीवरून टू बाय टूचे चार ताके खाली घ्यायचे. एकच ताका त्यांनी कधी काढला नाही. चारही साडीला लावून ठेवायचे आणि मग ठरलेलं वाक्य यायचं, "काकू, ट्यूबलाइटखाली ठरवू नका. पायरीवर या, उजेडात बघा."

फळ्यांवर रंगांची वस्ती होती. अबोली, गाजरी, डाळिंबी, राणी, गुलबक्षी, वांगी, आमसुली, चिंतामणी, मोरपंखी, रामा, पोपटी, शेवाळी, मोतिया. प्रत्येक नावाच्या घरात निदान चार-पाच भावंडं. मी एखादा ताका उचलून विचारायचे, "बाबा, हा डाळिंबी की मरून?" बाबा हिशेबाच्या वहीतून मान वर न करता विचारायचे, "कशाशेजारी?"

मला वाटायचं, त्यांना सवड नाही म्हणून ते प्रश्न परतवतात. पुढे मी जीवशास्त्र शिकले, शिकवायला लागले, आणि माकडाच्या मेंदूतल्या पेशी रंगाला कसं उत्तर देतात हे वाचताना एका रात्री पुस्तक मिटून तशीच बसले. त्या पेशीही तोच प्रश्न विचारत होत्या.

रंग वस्तूत असतो असं आपण धरून चालतो. टोमॅटो लाल आहे, पान हिरवं आहे. न्यूटनने १७०४ मध्येच लिहून ठेवलं होतं की प्रकाशाच्या किरणांना स्वतःचा रंग नसतो. बघणाऱ्याच्या मनात अमुक एका रंगाची जाणीव जागी करण्याची शक्ती तेवढी त्यांच्यात असते. हे वाक्य मी वर्गात दर वर्षी सांगते आणि दर वर्षी पहिल्या बाकावरचं कुणीतरी अस्वस्थ होतं. मला ती अस्वस्थता आवडते, कारण खरी गोष्ट तिथून सुरू होते.

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंगासाठी तीन प्रकारच्या शंकुपेशी आहेत. एका प्रकारची पेशी साधारण ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देते, दुसरी ५३०च्या आसपास, तिसरी ४२०च्या आसपास. शाळेच्या पुस्तकांत यांना लाल, हिरवी आणि निळी पेशी म्हणतात, पण त्या नावांनी मोठा घोटाळा होतो. ५६० नॅनोमीटरचा उजेड लाल दिसतच नाही, तो पिवळसर हिरवा दिसतो. शिवाय पहिल्या दोन पेशींच्या आवडीनिवडी इतक्या जवळच्या आहेत की एकीला चालणारा बहुतेक सगळा उजेड दुसरीलाही चालतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकटी शंकुपेशी रंगाच्या बाबतीत आंधळी असते. टोलनाक्यावर नुसता गाड्या मोजणारा माणूस बसवला तर संध्याकाळी तो "चारशे गाड्या गेल्या" एवढंच सांगेल. ट्रक किती, एसटी किती, हे त्याला ठाऊक नसेल. शंकुपेशीचं तसंच आहे. तिने प्रकाशाचे किती कण टिपले एवढंच ती पुढे कळवते. तिच्या आवडीचा मंद उजेड आणि नावडीचा प्रखर उजेड, दोन्हींचा आकडा सारखा आला तर तिच्या लेखी दोन्ही एकच. रंग कळायचा तर एका नाक्याचा आकडा दुसऱ्या नाक्याच्या आकड्याशेजारी ठेवून बघावा लागतो.

हे शेजारी ठेवणं डोळ्याच्या पडद्यातच सुरू होतं आणि त्याचा निकाल मेंदूच्या मध्यावर, थॅलॅमसमधल्या सहा थरांच्या एका छोट्या पुंजक्यात पोचतो. अमेरिकेत रसेल डी व्हॅलॉइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये मकाक माकडांच्या या पुंजक्यातल्या पेशींची सविस्तर नोंद प्रसिद्ध केली. पेशी उत्तर देते म्हणजे विजेचे बारीक ठोके देते. प्रयोगशाळेत ते ठोके लाउडस्पीकरला जोडले की ज्वारीच्या लाह्या फुटल्यासारखी तडतड ऐकू येते. समोर काहीच नसतानाही पेशी अधूनमधून तडतडत असते. लांब तरंगलांबीचा, आपल्याला लाल दिसणारा उजेड टाकला की काही पेशींची तडतड एकदम वाढते. मधल्या तरंगलांबीचा, हिरवा दिसणारा उजेड टाकला की त्याच पेशी गप्प होतात, आधी होती तेवढी तडतडही थांबते. काही पेशींचं बरोबर उलटं. काही पेशी अशीच ओढाताण निळा आणि पिवळा यांच्यात करतात.

म्हणजे अशी पेशी लाल मोजत नाही की हिरवा मोजत नाही. ती दोहोंतला फरक सांगते, आणि तिचं गप्प बसणं हेही बोलण्याइतकंच नेमकं उत्तर असतं.

एवाल्ड हेरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच, मेंदूत उतरवायला हातात एकही तार नसताना, हे ताडलं होतं. त्याने फक्त रंग नीट पाहिले. आपल्या भाषेत तर त्याच्या निरीक्षणाची चाचणी बसल्या जागी घेता येते, कारण रंगांना प्रत्यय लावायची मराठीत मोठी सोय आहे. लालसर, पिवळसर, निळसर, हिरवट, तांबूस, काळपट, पांढुरका. पिवळसर हिरवा म्हटलं की पोपटी डोळ्यांपुढे येतो. निळसर हिरवा म्हणजे मोरपंखी. तांबूस पिवळा म्हणजे पिकत आलेल्या हापूसचा गाल. निळसर लाल म्हणजे जांभळाच्या कुळातला कोणीतरी. आता हिरवट लाल म्हणून बघा. पिवळसर निळा म्हणून बघा. शब्द जोडता येतात, पण डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. बाबांच्या एवढ्या फळ्यांवर या दोन नावांचा ताका नव्हता आणि कोणत्याच काकूंनी तो कधी मागितला नाही.

लाल ताणा आणि हिरवा बाणा घालून विणलेली धूपछाव पैठणी दुकानात आली की मी मुद्दाम हिरवट लाल शोधायचे. पदर हलला की लाल चमकायचा, पुन्हा हलला की हिरवा, आणि दूर धरला तर दोन्ही मिळून विटकरी, चॉकलेटीकडे झुकलेला काहीतरी. एकाच जागी एकाच वेळी दोघे कधी भेटले नाहीत.

इथे गोष्ट फार सुबक होते आहे, म्हणून थोडं थांबायला हवं. बरीच पुस्तकं इथेच थांबतात: हेरिंगने सांगितलं, माकडात सापडलं, झालं. पण १९८४ मध्ये डेरिंग्टन, क्राउसकॉफ आणि लेनी यांनी मकाकच्या याच पेशी अधिक काटेकोरपणे तपासल्या तेव्हा दिसलं की त्यांच्या ओढाताणीची टोकं आपल्या शुद्ध लाल, हिरव्या, पिवळ्या, निळ्याशी जुळत नाहीत. एक दोरी साधारण गुलाबीसर लालापासून हिरवट निळ्यापर्यंत जाते, दुसरी जांभळ्यापासून लिंबाच्या सालीसारख्या पोपटीपर्यंत. मग ज्यात लालाची छटा नाही की हिरव्याची नाही असा निर्भेळ पिवळा मेंदूत कुठे ठरतो? त्यावर आजही वाद आहेत, आणि मला ते वाद प्रिय आहेत. थॅलॅमसमध्ये कच्चा माल वर्गवारी करून ठेवलेला असतो. आपल्याला दिसणारा रंग तिथून पुष्कळ पुढे विणला जातो.

पुढचा टप्पा डोक्याच्या मागच्या बाजूला, दृष्टीच्या पहिल्या पट्ट्यात आहे. तिथल्या काही पेशी मला सगळ्यांत जवळच्या वाटतात, कारण त्या दुकानातल्या पेशी आहेत. त्यांची ओढाताण दुहेरी असते. त्यांच्या वाट्याला आलेल्या तुकड्याच्या मध्यभागी लाल आला तर त्या तडतडतात आणि हिरवा आला तर गप्प होतात. भोवतालच्या जागेत नेमकं उलटं, तिथे हिरवा आला की तडतड आणि लाल आला की शांतता. म्हणजे सगळीकडे सपाट लाल असेल तर पेशीला फारसं सांगण्यासारखं नसतं. हिरव्याच्या मधोमध लाल ठिपका आला की ती खुलते. अशी रचना नायजेल डॉ यांनी १९६७ मध्ये आधी गोल्डफिशच्या डोळ्यात दाखवली. मकाकच्या मेंदूतली या पेशींची रचना बेव्हिल कॉनवे यांनी २००१ मध्ये तपशिलाने मांडली.

आणि इथे मला पॅरिसच्या गोबलँ कारखान्याची आठवण होते. गालिचे आणि भिंतीवरचे पडदे विणणारा तो जुना सरकारी कारखाना. १८२४ मध्ये मिशेल शेव्ह्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तक्रार होती की काळा धागा नीट काळा उतरत नाही, निळ्या-जांभळ्या भागांत तर फिकट, विटल्यासारखा दिसतो. शेव्ह्रलने रंग तपासला, धागा तपासला, दुसऱ्या कारखान्यांतल्या काळ्याशी ताडून पाहिला. काळ्यात खोट नव्हती. शेजारचा निळा-जांभळा त्याचं रूप बदलत होता. त्याचा पिच्छा पुरवून शेव्ह्रलने १८३९ मध्ये शेजारच्या रंगांमुळे होणाऱ्या या बदलाचा नियम मांडला. (तो १०२ वर्षं जगला. शेवटपर्यंत रंगांत रमलेल्या माणसाला इतकं आयुष्य मिळालं याचा मला उगीचच आनंद होतो.)

बाबांना शेव्ह्रल माहीत नव्हता. पण राखाडी पीस हिरव्या साडीवर ठेवला की गुलाबीकडे झुकतो आणि लाल साडीवर ठेवला की हिरवट पडतो, हे त्यांना पाठ होतं. साडीच्या अंगाला जुळवलेला पीस काठाशेजारी परका दिसेल का, हे ते बघून घ्यायचे. दोऱ्याच्या रिळाचीही तीच रीत. नेव्ही ब्लू आणि काळा यांचा एकेरी धागा हातात घेऊन ओळखता येत नाही. बाबा तो बोटाभोवती दहा-बारा वेढे गुंडाळायचे, मग बोट उजेडात धरायचे. नजरेच्या अगदी मध्यबिंदूवर आखूड तरंगलांबीच्या, म्हणजे निळ्या टोकाच्या, शंकुपेशी जवळजवळ नसतातच, आणि एकूण शंकुपेशींतही त्या दहा टक्क्यांहून कमी असतात. बारीक धाग्यातला निळा त्यामुळे निसटतो. वेढ्यांनी तो पसरला की सापडतो. हे कारण मला वयाच्या तिशीत कळलं. बोटाचा उपाय मला आठव्या वर्षापासून येत होता.

पण मग ट्यूबलाइट आणि उजेड? ट्यूबखालचा टोमॅटो, दुपारचा टोमॅटो आणि दिवेलागणीचा टोमॅटो डोळ्याकडे अगदी वेगवेगळा प्रकाश पाठवतात, तरी टोमॅटो लालच दिसतो. पोलरॉइड कंपनीचे संस्थापक एडविन लँड यांनी यावर विलक्षण प्रयोग केले. रंगीत कागदांच्या तुकड्यांची मोठी गोधडी, तिच्यावर तीन प्रकाशझोत. झोत कमीजास्त करून हिरव्या तुकड्यावरून डोळ्याकडे जो प्रकाश येत होता, नेमका तोच त्यांनी दुसऱ्या रंगाच्या तुकड्यावरूनही आणून दाखवला. मोजयंत्राच्या दृष्टीने दोन्ही सारखे. बघणाऱ्यांना मात्र प्रत्येक तुकडा आपापल्या मूळ रंगाचाच दिसला. मेंदू तुकड्यावरचा प्रकाश एकट्याने वाचत नव्हता. अख्ख्या गोधडीवर पडलेला उजेड कसा आहे हे जोखून तो त्यातून वजा करत होता.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सेमीर झेकी यांनी १९७३ मध्ये रीसस माकडाच्या मेंदूत व्ही-फोर नावाच्या भागात रंगाला दाद देणाऱ्या पेशींचा मोठा साठा दाखवला होता. १९८३ मध्ये त्यांनी लँडची गोधडीच माकडापुढे मांडली. दृष्टीच्या पहिल्या पट्ट्यातल्या पेशी तुकड्यावरून येणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीप्रमाणे वागत होत्या. व्ही-फोरमधल्या काही पेशी मात्र माणसाला त्या जागी जो रंग दिसतो त्याप्रमाणे वागत होत्या. प्रकाश बदलला, दिसणारा रंग बदलला नाही, पेशीचं उत्तरही बदललं नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पायरीवर जाऊन जो निवाडा करायचा, तो निवाडा करणारी पेशी!

तेव्हापासून व्ही-फोरला "मेंदूतलं रंगाचं केंद्र" म्हणायची पद्धत पडली. ती मला पटत नाही. २००७ मध्ये कॉनवे, मोलर आणि त्साओ यांनी आधी स्कॅन करून आणि मग तारा उतरवून दाखवलं की या भागात रंगाची काही मिलिमीटरची बेटं आहेत आणि बेटांच्या मधल्या पेशींना रंगापेक्षा आकारात जास्त रस आहे. त्याच्याही पुढे, कानाच्या वरच्या बाजूने पुढे जाणाऱ्या पट्ट्यात, कोमात्सू यांना १९९२ मध्ये अशा पेशी सापडल्या होत्या की ज्या एखाद्याच छटेला दाद देतात. २०१३ मध्ये असंही दिसलं की चेहरे ओळखणारी ठिकाणं आणि रंगाची ठिकाणं या पट्ट्यात शेजारशेजारून, जणू दोन समांतर ओळींत जातात. मला यात केंद्र दिसत नाही, बाजारपेठ दिसते.

ही पेठ उजाड होऊ शकते. लुई व्हेरे या स्विस डॉक्टरने १८८८ मध्ये एका बाईंची हकीकत नोंदवली आहे. मेंदूतल्या रक्तस्रावानंतर त्यांना एका बाजूचं सगळं करडं दिसू लागलं. डोळे धड होते, शंकुपेशी धड होत्या. पुढच्या पेशी गेल्या आणि अर्ध्या जगाचा रंग गेला.

हे सगळं ज्यांच्यामुळे कळलं त्या माकडांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. यवतेश्वरच्या घाटात कठड्यावर बसणारं लाल तोंडाचं माकड आणि प्रयोगशाळेतलं रीसस, दोघं एकाच मकाक कुळातली. त्यांच्या शंकुपेशी जवळजवळ आपल्यासारख्याच, म्हणून तर निवड त्यांची झाली. १९७८ मध्ये भारताने माकडांची निर्यात बंद केली; त्याआधी वर्षानुवर्षं इथून हजारो रीसस माकडं परदेशातल्या प्रयोगशाळांत गेली. केसाहून बारीक तार मेंदूत उतरवताना मेंदूला दुखत नाही, हे खरं. पिंजऱ्यात काढलेलं आयुष्य दुखत नाही असं मात्र मी म्हणू शकत नाही. मी त्यांच्या पेशींची तडतड वर्गात ऐकवते तेव्हा ती कुणाची आहे हे आधी सांगते.

घाटातली माकडं मी बघत बसते ती फाल्गुन-चैत्रात. कोशिंबाला तेव्हा लालबुंद पालवी फुटते, आंब्याला तांबूस. माकडं जून पानांना हात न लावता नेमकी ती कोवळी पानं खुडतात. युगांडाच्या किबाले जंगलातल्या वानरांचा अभ्यास करून २००१ मध्ये डॉमिनी आणि ल्यूकस यांनी मांडलं की लाल-हिरव्यातला फरक ओळखण्याची शक्ती अशा कोवळ्या पानांसाठीच टिकून राहिली असावी. फळांच्या बाजूनेही बोलणारे आहेत. चैत्रातली कोशिंब पाहिलेल्या मला पालवीची बाजू चटकन पटते.

दक्षिण अमेरिकेतल्या स्क्विरल माकडांच्या नरांना हा फरक जन्मतःच कळत नाही, त्यांच्याकडे दोनच प्रकारच्या शंकुपेशी असतात. २००९ मध्ये जे आणि मॉरीन नाइट्झ यांच्या गटाने डाल्टन आणि सॅम नावाच्या दोन प्रौढ माकडांच्या डोळ्यांत त्यांच्याकडे नसलेलं ते जनुक माणसाकडून घेऊन घातलं. पाचएक महिन्यांनी दोघं पडद्यावरचे लाल-हिरवे ठिपके ओळखू लागले. मेंदू नव्याने बांधावा लागला नाही. शेजारी ठेवायला काहीतरी मिळालं, तेवढं पुरलं.

बाबा पंच्याहत्तरीला आले तेव्हा एक गोष्ट घडली. नेव्ही ब्लू साडीला त्यांनी काळं अस्तर दिलं. काकूंनी दुसऱ्या दिवशी आणून दाखवलं, रागावल्या नाहीत, पण बाबा दिवसभर गप्प होते. महिन्याभरात चिंतामणी आणि वांगी यांच्यात पुन्हा चूक झाली. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळ्या टोकाचा उजेड गाळून टाकतं. मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं, डाव्याचं दीड महिन्याने करायचं ठरलं.

पट्टी सुटल्याच्या दुसऱ्या सकाळी बाबा पायरीवर उभे होते. हातात मलमलीचा पांढरा तुकडा. आधी डावा डोळा झाकून बघितला, मग उजवा, मग पुन्हा डावा. मी चहा घेऊन गेले.

"या डोळ्याने हा निळसर दिसतो," ते म्हणाले, "आणि या डोळ्याने चक्क मोतिया." थोडा वेळ गेला. "म्हणजे इतकी वर्षं मी पांढरा म्हणून मोतिया विकत होतो?"

"पांढराच विकत होतात. तुम्हाला दिसत पांढराच होता."

"कळलं कसं नाही मला?"

मी काही बोलले नाही. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ते हसले आणि म्हणाले, "शेजारी ठेवायला दुसरा डोळा कुठे होता."

त्या दीड महिन्यात ते रोज सकाळी फळ्यांसमोर उभे राहायचे. एका डोळ्याने, मग दुसऱ्याने. चिंतामणीच्या ओळीपाशी जास्त वेळ रेंगाळायचे. एकदा आकाशी ताका हातात घेऊन त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी तो घाईघाईने परत ठेवला. डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. मग दोन्ही डोळ्यांना सगळं निळसर दिसू लागलं, मलमल, सदरा, दूध, सगळं.

मोतीबिंदू काढलेल्या माणसांना मधूनमधून बोलावून त्यांचा "पांढरा" कुठे आहे हे मोजणारा एक अभ्यास अमेरिकेत झाला आहे, २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. भिंग बदलल्यावर त्यांचा पांढरा सरकतो, आणि मग महिनोन्महिने हळूहळू आपल्या जुन्या जागेकडे परत येतो. डोळ्याकडे येणारा प्रकाश बदललेलाच राहतो. मेंदू आपला काटा नव्या शून्यावर आणून ठेवतो. हे मी बाबांना सांगितलं नव्हतं. मला बघायचं होतं.

दिवाळीच्या आधी दुकानात गर्दी होती. एका वहिनींना पीस दाखवायला ते पायरीवर आले, बाजूला मी बसलेली. वहिनी गेल्यावर मी विचारलं, "बाबा, तो मलमलीचा तुकडा अजून निळसर दिसतो?"

त्यांनी काउंटरखालून तो काढला, उजेडात धरला, उलटापालटा केला.

"कुठला निळा?" ते म्हणाले. "पांढराशुभ्र आहे की."